चार मोकळे पाय

“हे नाकात गेलं तर शिंकूनसुद्धा परत यायचं नाही,” गायधनी काका म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती चिप चिमट्यात धरून डोळ्यांपाशी नेली.

चिप मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी होती. तिला पाच पाय होते, असं मी सांगितलं म्हणून काकांनी मानलं. काका आमच्या कारखान्यात खरेदी बघायचे, आणि जी वस्तू मोजून घेता येत नाही ती विकत घेऊ नये असं त्यांचं ठाम मत होतं. टेबलावर दुसरी चिप होती ती चौदा पायांची, चिमट्याशिवाय उचलता येईल अशी. तिच्याकडे ते सारखं आशेनं बघत होते.

२००६ सालचा नोव्हेंबर. मी सव्वीस वर्षांची होते आणि नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होते. डिझाइन विभागात मी एकटीच, त्यामुळे विभागप्रमुखही मीच आणि स्वतःवर खूशही मीच. पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार बोरस्ते नाना यांनी आम्हाला एक डबी करायला सांगितली होती. काड्यापेटीएवढी. ती द्राक्षांच्या खोक्यात ठेवायची. कंटेनर जहाजातून परदेशी पोचेपर्यंत ती दर दहा मिनिटांनी आतलं तापमान लिहून ठेवणार. वाटेत कोणी थंडी कमी केली, माल खराब झाला, तर डबी खरं काय ते सांगणार. नाण्याएवढ्या चपट्या सेलवर तिनं चाळीस दिवस जगायला हवं होतं.

त्यासाठी आम्ही बफर निवडत होतो. बफर म्हणजे मध्यस्थ. तापमान मोजणारी चिप फार हळू बोलते आणि लिहून ठेवणाऱ्या चिपला जरा कमी ऐकू येतं. बफर मधे उभा राहून तेच वाक्य ठणठणीत आवाजात सांगतो. आता सेल तीन व्होल्टचा, आणि शून्य अंशाच्या गारठ्यात तो अडीचवर येतो. जुन्या जातीच्या बफरला पाच व्होल्टचं खाणं लागतं; अडीचवर त्यानं मान टाकली असती. म्हणून कमी व्होल्टेजवर चालणारी जात हवी. हे सगळं मी शोधून काढलं होतं आणि भेटेल त्याला सांगत होते. आमच्या वॉचमनलाही सांगून झालं होतं.

“मग यातली कोणती?” काकांनी विचारलं.

“दोन्ही कमी व्होल्टेजवर चालतात. छोटीत एकच बफर आहे, मोठीत सहा.”

“लागतात किती?”

“दोन.”

“मग मोठीतले चार उरतात.”

“उरले तर उरले. पुढेमागे काही जोडावंसं वाटलं तर हाताशी असतील. शिवाय मोठी चिप मंदाताईंना लावायला सोपी.”

काकांचा चेहरा उजळला. मोठी चिप मंजूर झाली. माहितीपत्रक वीस पानांचं होतं. व्होल्टेजची पानं मी पाठ केली होती, बाकीची चाळली होती.

मंदाताई खैरनार आमच्या सोल्डरिंगच्या, म्हणजे चिपांचे पाय वितळलेल्या धातूनं बोर्डाला जोडायच्या, टेबलाच्या प्रमुख. चौदा वर्षं त्या तिथे बसत होत्या. हाताखाली दोघी. मान वाकवून, डाव्या डोळ्याला भिंग लावून त्या काम करत आणि कामाच्या वेळी कुणाशी बोलत नसत. त्या दिवशी मात्र पहिला बोर्ड हातात घेतल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“मॅडम, हे चार पाय कुठं जोडायचे? तुमच्या नकाशात त्यांना रस्ताच नाही.”

“ते रिकामे आहेत. त्यांना काही काम नाही.”

“काम नाही म्हणून तसेच सोडायचे?”

“सोडा बिनधास्त,” मी म्हटलं आणि पुढे गेले. मला त्या काळी चालता चालता उत्तरं द्यायची सवय होती.

पहिला बोर्ड तयार झाल्यावर मी मीटर लावून बघितला. डबी झोपेत असताना बारा मायक्रोअँप करंट घेत होती. इतक्यावर तिनं चाळीस दिवस काय, वर्षसुद्धा काढलं असतं. मी खूश झाले. दहा डब्या बंद होऊन गेल्यावर माझी नजर टेबलावरच्या एका सुट्या बोर्डाकडे गेली. चिपच्या पायांभोवती पिवळट, चिकट राळ तशीच पडली होती. सोल्डर नीट धरावं म्हणून जी लावतात, ती.

“हे काय कळकट ठेवलंय? नानांनी डबी उघडून बघितली तर काय म्हणतील?”

“लगेच धुते ना,” मंदाताई म्हणाल्या. “स्पिरिटनं पुसते. पण त्या दहा आता स्क्रू लावून बंद केल्यात.”

“राहू दे त्या. इथून पुढच्या लख्ख धुवा.”

पुढच्या दहा मंदाताईंनी टूथब्रशनं घासून धुतल्या. त्या दहांचा करंट मी मोजला नाही. डबीवरचा बारीक दिवा लुकलुकतो एवढं बघितलं. वीस डब्यांवर मंदाताईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ते वीस नंबर घातले, आणि त्या नानांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये चाचणीला गेल्या.

दहाव्या दिवशी नानांचा फोन आला. “वीसातल्या नऊ मेल्या तुमच्या. दिवाच लागत नाही.”

नऊ. मी मनात हिशेब केला: दहा कळकट, नऊ मेलेल्या. आणखी विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नंबर कोणते, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मला सुचलं नाही.

आमच्या मालकांना, कोठावदे साहेबांना, त्याच वर्षी एका शिबिरात गुणवत्तेचं वारं लागलं होतं. तेव्हापासून कारखान्यात एक पद्धत सुरू झाली होती. कुठलाही माल नापास झाला की चोवीस तासांत पिवळा कागद भरायचा: दोष काय, कारण काय, विभाग कोणता, जबाबदार कोण. मग तो चहाच्या टेबलावरच्या फळ्याला महिनाभर टाचून ठेवायचा. सगळ्यांना वाचता यावा म्हणून मराठीत. शिबिरातल्या वक्त्यानं म्हणे असं सांगितलं होतं की यातून माणूस शिकतो. बाकी काही नाही तरी चहा पिताना वाचायला मजकूर झाला होता.

मी कागद भरला. कारण: सोल्डरिंगनंतरची अस्वच्छता. विभाग: सोल्डरिंग. जबाबदार: मंदा खैरनार. अक्षर छान काढलं.

साहेबांनी कागद वाचला आणि त्याच दुपारी ठरवून टाकलं. पुण्यात एक कारखाना आहे, तिथे मशीन सगळं लावतं, माणसाचा हात लागत नाही. महिनाअखेर सोल्डरिंगचं टेबल बंद.

चहाच्या वेळी मंदाताईंना फळ्यासमोर उभ्या राहून कागद वाचताना मी बघितलं. खालपर्यंत वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

“मॅडम, मेलेल्या डब्यांचे नंबर कोणते?”

“नंबर घेऊन काय करायचंय आता? ते कळकट बोर्ड होते ना, तेच.” माझ्या हातात कप होता आणि मी जिन्याकडे निघाले होते. त्या पुढे काहीतरी म्हणाल्या. मी जिना चढून गेले.

दोन दिवसांनी डब्या परत आल्या. पुराव्यासाठी राळेचे फोटो काढावेत म्हणून मी कॅमेरा घेऊन बसले. पहिली मेलेली डबी उघडली. आतला बोर्ड लख्ख. दुसरी उघडली, तीही लख्ख. नऊच्या नऊ धुतलेल्या ताटासारख्या. मग मी जिवंत डब्या उघडल्या. दहा बोर्डांवर पिवळी राळ जशीच्या तशी होती आणि त्या मजेत चालू होत्या. धुतलेल्यांतली एकच कशीबशी वाचली होती.

मी पाणी प्यायले. नंबर बघितले. मेलेल्या सगळ्या अकराच्या पुढच्या.

मला गोष्ट लपवता येत नाही, चेहऱ्यावर दिसते. पण त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं, आणि खरं सांगते, पहिला विचार आला तो डब्या पुन्हा बंद करून टाकण्याचा. दुसरा विचार येईपर्यंत मी खाली सोल्डरिंगच्या टेबलापाशी पोचले होते. त्याचं श्रेय माझ्या पायांना.

“मंदाताई, हे बघा जरा.”

त्यांनी बघितलं. आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. एक कळकट, जिवंत बोर्ड घेतला, मीटर लावायला मला खुणेनं सांगितलं. बारा. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी चिपच्या पायांवरून हळूच फिरवला. राळ निघून गेली. स्पिरिट सुकलं, आणि आकडा चढायला लागला. साठ. तीनशे. नऊशे.

त्यांनी चार मोकळ्या पायांवर बोट टेकवलं. आकडा खाली आला. बोट काढलं, पुन्हा वर.

“हे चार पाय लोंबकळतायत,” त्या म्हणाल्या. “माझ्या घाणीनं त्यांना धरून ठेवलं होतं.”

वर जाऊन मी माहितीपत्रक उघडलं. नवव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: न वापरलेले इनपुट, म्हणजे बफरचे ऐकायचे पाय, मोकळे सोडू नयेत. मोकळ्या पायाला आपण शून्य आहोत की एक हे कळत नाही. तो अधांतरी राहतो, आणि आतला बफर दोन्हीकडची दारं अर्धी उघडी टाकून सेल रिकामा करत बसतो. राळेतून अगदी पुसटसा करंट वाहतो, पण पायाला एका जागी बसवायला तेवढा पुरतो. वीस पानांतलं नववं पान. मला इतकी लाज वाटली की खोलीत एकटी असूनही मी पत्रक तोंडासमोर धरलं.

चार पाय तारेनं जोडून बघितले. पण तारांमुळे डबीचं झाकण बसेना, आणि नानांना डबी काड्यापेटीहून जाड चालणार नव्हती. म्हणजे ती मोहरीएवढीच चिप हवी; तिच्यासाठीचे बोर्ड निवडीच्या वेळी करून घेतलेले पडूनच होते. एकात एक बफर, डबीला दोन चिपा, एकही पाय शिल्लक नाही. काकांकडे गेले तर ते म्हणाले, “आधीच म्हटलं होतं मी, छोटी घ्या.” मी त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

मग कोठावदे साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नवीन चिपनं काम होईल?”

“होईल. पण पुण्याचं मशीन तीन आठवड्यांनी मिळतंय. नानांचा कंटेनर त्याआधी निघतो. मंदाताई हातानं लावू शकतील.”

“मग लावू देत. त्यांचं टेबलही राहू दे. झालं?”

“आणि तो कागद? तो बदलायला हवा. चूक माझी होती.”

साहेबांनी खुर्ची मागे सारली. “वृषाली, नीट ऐका. हाताची चूक गिऱ्हाईक समजून घेतं. हात आहे, चुकतो. डोक्याची चूक म्हटली की ते दुसरा कारखाना बघतं. परवा नाना येतायत, तीनशे डब्यांचं बोलायला. तो कागद आहे तसा राहू दे. महिना संपला की निघेलच.”

बोलणं मला पटलं. पटवून घ्यायला फारसे कष्ट पडले नाहीत, हेही खरं. मी खाली गेले आणि मोठी बातमी आणल्यासारखी मंदाताईंना म्हटलं, “तुमचं टेबल राहतंय.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आणि कागद?”

“तो… आता जुना झाला ना.”

त्यांनी मोहरीएवढ्या चिपांची पट्टी माझ्या हातातून घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि मान खाली घातली. दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एरवीही बोलत नसत, पण यातला फरक मला कळत होता. वीस डब्या, चाळीस चिपा. सगळ्या डब्यांचा करंट मी मोजला. या वेळी एकूण एक. अकरा मायक्रोअँपच्या वर कोणी गेली नाही.

नाना आले ते पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट आणि मोठा आवाज घेऊन. डब्या बघितल्या, मीटर बघितला, मान डोलावली. साहेबांनी चहा मागवला, आणि नाना म्हणाले, “इथं कशाला? चला, तुमच्या माणसांत पिऊ.” नानांची ही सवय चांगली होती. त्या दिवशी मला ती आवडली नाही.

चहाच्या टेबलाशी सगळे जमले होते. नाना कप घेऊन थेट फळ्यापाशी गेले आणि मोठ्यानं वाचू लागले. “सोल्डरिंगनंतरची अस्वच्छता. जबाबदार, मंदा खैरनार.” ते वळले. “ह्या कोण?”

“मीच,” मंदाताई म्हणाल्या.

“ताई, जरा हात धुऊन बसत जा कामाला,” नाना हसत म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, थट्टाच होती. आजूबाजूचे दोघं-तिघं हसलेही. मंदाताईंनी कप खाली ठेवला आणि हात पदराआड घेतले.

ते मला बघवलं नाही. चौदा वर्षांत एक बोर्ड वाकडा न लावलेले ते हात, आणि त्या ते लपवत होत्या.

“नाना, त्यांनी धुतलं म्हणूनच डब्या मेल्या,” मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं सगळं नानांच्या खिशातल्या पेनाकडे बघत सांगितलं. चिप मी निवडली. चार पाय मी मोकळे सोडले. यांनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही. मेलेल्या डब्यांचे नंबर मी तपासले नाहीत आणि कागद लिहून टाकला. नवीन डब्या यांनीच हातानं लावल्यात.

नानांनी चहा संपवला. “म्हणजे डोकं चुकलं.”

“हो. माझं.”

“आता ठीक आहे?”

“या डब्यांपुरतं तरी.”

नाना हसले, पण पूर्वीइतकं मोकळं नाही. साहेबांना म्हणाले, “तीनशे नको. शंभर घेतो. उरलेल्यांचं मार्चमध्ये बघू.” मग जाता जाता थांबून मंदाताईंना हात जोडले. “ताई, चुकलं बोलायला.”

मार्च आला आणि गेला. दोनशे डब्या नानांनी दुसरीकडून घेतल्या. साहेब बरोबर होते. पुढचे तीन आठवडे ते माझ्याशी काकांमार्फत बोलले. पगारवाढीच्या यादीत माझं नाव त्या वर्षी नव्हतं, आणि सांगायला हरकत नाही, मला त्याचं वाईट वाटलं. फळ्यावर मी त्याच संध्याकाळी नवा पिवळा कागद लावला. विभाग: डिझाइन. जबाबदार: वृषाली आहेर. तो महिनाभर राहिला आणि माझ्या चहाची चव महिनाभर गेली. पहिल्या दिवशी मंदाताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, खालपर्यंत वाचला, आणि टेबलाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी मला बोलावलं. शेजारचं स्टूल पुढे ओढलं, एक रिकामा बोर्ड ठेवला, मोहरीएवढ्या चिपांची पट्टी ठेवली आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं.

“बसा. एक लावून बघा.”

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी दोन-तीनदा ते हातात धरलं असेल. पहिली चिप उडून कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. दुसरी तिरकी बसली. तिसऱ्या वेळी बोट भाजलं. पलीकडच्या दोघी खाली मान घालून फार मन लावून काम करत होत्या.

“मंदाताई,” मी बोट चोखत विचारलं, “मी कागद चुकीचा लावला, तेव्हाच का नाही सांगितलंत, की मेलेल्या डब्या धुतलेल्या असतील म्हणून?”

“सांगितलं होतं. तुम्ही जिन्यात होत्या.”

त्यांनी माझं मनगट धरून टेबलावर टेकवलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि चौथी चिप बोर्डावर ठेवली.

“आता कुठं जायचं नाहीये तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पाच पाय आहेत. एकेक मोजून लावा.”